पुढे पाठवलं, पण कुणाच्या हवाली?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. आठवडाभर ठाण्यात दुसरा विषय नव्हता. मंत्री येऊन गेले, विरोधक येऊन गेले, चौकशी समिती नेमली गेली. चर्चा झाली ती त्या इमारतीच्या आत काय घडलं याची. डॉक्टर किती हजर होते, पाचशे खाटांवर किती माणसं होती, अतिदक्षता विभागात कोण होतं. हे विचारायलाच हवं होतं. पण प्रशासनाने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती आली तशी विरून गेली. त्यांतले काही रुग्ण दुसरीकडून, अगदी शेवटच्या अवस्थेत तिथे आणले गेले होते. हे वाक्य आपल्याकडे खुलासा म्हणून चालून जातं. मला तो त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर आरोप वाटतो. शेवटच्या अवस्थेला पोहोचेपर्यंत तो माणूस कुठे होता, कोण त्याला बघत होतं, तिथून इथवर येताना त्याची जबाबदारी कुणावर होती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

ठाणे जिल्ह्यात सरकारी खाटा कमी आहेत, हे खरंच आहे. पण त्याहून मोठी उणीव अशी की, एका रुग्णालयातून निघून दुसऱ्याकडे जाणारा गावाकडचा रुग्ण त्या काही तासांपुरता कुणाचाच नसतो. आपण इमारतींची मागणी करत राहतो आणि या काही तासांची मागणी कुणीच करत नाही. माझी मागणी त्या तासांची आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला आणि ठाण्यात आता आदिवासी भाग फारसा उरला नाही, असा एक समज शहरात पसरला. शहापूर आणि मुरबाड कुठेही गेलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांवर होती, मुरबाडची दोन लाखांच्या जवळपास. शिवाय भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांचा ग्रामीण पट्टा. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, आगरी, कुणबी अशी सगळी वस्ती. एकाच जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत आणि त्याच जिल्ह्यात असेही पाडे आहेत जिथून पावसाळ्यात आजारी माणसाला गाडीरस्त्यापर्यंत झोळीत घालून आणावं लागतं. दरवर्षी अशा एखाद्या गरोदर बाईचा फोटो छापून येतो. हळहळ होते, रस्त्याचं आश्वासन मिळतं. रस्ता हवाच. पण झोळी रस्त्याला लागल्यानंतर पुढे काय होतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

आता त्या बाईच्या वाटेवरचे मालक बघा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. मुरबाड, टोकावडे, खर्डी, गोवेली इथली ग्रामीण रुग्णालयं, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि ठाण्याचं सिव्हिल ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं, वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं. त्याच्याही पुढे जावं लागलं तर सायन आणि केईएम मुंबई महापालिकेचं, जेजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. या सगळ्यांमधून धावणारी १०८ ची गाडी आणखी वेगळ्या कंत्राटाची. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडची एखादी बाई एका रात्रीत चार मालकांच्या दारातून जाऊ शकते. प्रत्येक दारात तिची नोंद होते, प्रत्येक रजिस्टरमध्ये 'पुढे पाठवले' असा शेरा असतो आणि प्रत्येक रजिस्टर आपापल्या जागी बरोबर असतं.

१९४६ साली भोर समितीने या देशाच्या आरोग्यसेवेची आखणी केली, तेव्हा दूरच्या पल्ल्यासाठी दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे पंचाहत्तर खाटांचं प्राथमिक केंद्र, त्याच्यावर दुय्यम केंद्र आणि त्याच्यावर जिल्ह्याचं मोठं रुग्णालय अशी उतरंड मांडली होती. त्या आखणीचा गाभा असा की वरच्याने खालच्याला सांभाळायचं. खाटांची संख्या आपण कधी गाठलीच नाही. पायऱ्या मात्र बांधल्या, आणि त्या एकमेकींना जोडायचं राहून गेलं.

आमच्या बाजारात पावसाच्या तोंडाला शेवळं आणि पुढे करटुली घेऊन मुरबाडकडची एक बाई बसते. तिची सून बाळंतपणाला अडली, तेव्हा शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या दारात ती मला भेटली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्ड, आशाताईने भरून दिलेलं माता-बाल कार्ड आणि गावाकडच्या रुग्णालयाची चिठ्ठी. ती चिठ्ठी मी नीट वाचली. अर्धा कागद. वर शिक्का, खाली सही. मध्ये एकच ओळ, पुढील उपचारांसाठी वरच्या रुग्णालयात पाठवत आहोत. रक्तदाबाचा आकडा होता, तो कधी घेतला ती वेळ नव्हती. कोणतं इंजेक्शन दिलं, किती वाजता दिलं, ते नव्हतं. कोणत्या रुग्णालयात पाठवतोय तेही नव्हतं, नुसतं 'वरच्या'. आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं ती गोष्ट लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. तिकडे कुणाशी बोलणं झालंय आणि कोण हिला घेणार आहे?

दारावर विचारलं, "कुणी पाठवलं?"

बाई म्हणाली, "मोठ्या डाक्तरानी पाठवलं, दादा."

"आमच्याकडे खाट आहे का, हे विचारलं होतं त्यांनी?"

याला ती काय उत्तर देणार? खाट नव्हती. नवजात बाळाला लागली तर काचेची पेटी रिकामी नव्हती. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. शेवटी शेजाऱ्याच्या ओळखीतला एक लिपिक निघाला, त्याने एक फोन केला आणि खाट मिळाली. सून वाचली, बाळही वाचलं. मला त्या दिवसापासून तो फोन टोचतो. वैद्यकीय ज्ञान सगळीकडे होतं, गाडी होती, तिसऱ्या ठिकाणी खाटही होती. फक्त ती खाट आणि ती बाई यांची गाठ घालून देणारं यंत्रणेत कुणी नव्हतं. ते काम ओळखीने केलं. ज्या घराची शहरात ओळखच नाही, त्या घरासाठी सरकारने तो फोन करायला हवा. सरकारी यंत्रणा असते कशासाठी?

हा उशीर तीन ठिकाणी होतो, हे १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूंचा अभ्यास करताना मांडलं आणि आजही आरोग्य खात्यातला प्रत्येक अधिकारी ते शिकलेला असतो. घरातून निघायचं ठरवण्यात उशीर, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यात उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. पहिल्या उशिरावर आपण गेल्या वीस वर्षांत खूप काम केलं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगाव आशा आल्या. जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयात बाळंत होण्याला पैशाचा आधार दिला, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतपण, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत केली. लोक घरातून निघू लागले. दुसऱ्या उशिरासाठी २०१४ पासून १०८ च्या ९३७ गाड्या राज्यात आल्या, डॉक्टरसकट. आता आशाताईच्या शब्दाखातर घरातून निघालेली, गाडीत बसलेली बाई तिसऱ्या उशिरात अडकते. म्हणजे आपण तिला घराबाहेर काढलं आणि दारात उभं केलं. असं दोन-तीनदा झालं की त्या पाड्यावरची पुढची बाई निघायला कचरते, आणि मग 'हे लोक वेळेवर येत नाहीत' असं शहरातले डॉक्टर म्हणतात. त्या आशाताईची पाड्यावरची पतही त्याबरोबर जाते.

१०८ च्या गाडीचं आणखी एक गणित कुणी मांडत नाही. शहापूरहून रुग्ण घेऊन गाडी ठाण्यात आली आणि खाटेसाठी दारात थांबून राहिली, तर तितका वेळ तिच्या वाट्याचा तालुका उघडा पडतो. त्याच वेळेत आघईकडे कुणाला साप चावला, तर त्याला दुसऱ्या टापूतली गाडी मागवावी लागणार. खाट न ठरवता पाठवलेला एक रुग्ण मागे राहिलेल्या दुसऱ्याचाही वेळ खातो.

सापाचं निघालंच आहे तर तेही सांगते. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार रात्री चावते. दंशाची खूण नीट दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबू लागतो. सर्पदंशाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते, सुरुवातीला दहाच्या आसपास कुप्या लागतात. भुकटीच्या रूपातली लस फ्रिजशिवायही टिकते, म्हणूनच ती खेड्यासाठी सोयीची. पण लस दिल्यावरही श्वासाचे स्नायू लगेच सावरत नाहीत. तेवढे तास कुणीतरी फुगा दाबून किंवा नळी घालून श्वास चालू ठेवावा लागतो. म्हणजे या रुग्णाचा जीव रस्त्यात जातो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने लस बरोबर दिली, मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे, आणि मधल्या सत्तर-ऐंशी किलोमीटरमध्ये माणूस गेला, तर ही चूक कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायची?

खेड्यात चांगले उपचार होऊच शकत नाहीत, असं मानणाऱ्यांनी महाडकडे बघावं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला सुरुवात केली. कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं, हे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी तिथल्याच रुग्णांवरून दाखवून दिलं, आणि १९८६ मध्ये त्यांचा निबंध लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तालुक्याच्या ठिकाणी बसून, समोरच्या रुग्णाकडे नीट बघून केलेलं काम होतं ते.

म्हणून शहापूर आणि मुरबाडमध्ये काय हवं, याबद्दल मी आग्रही आहे. रात्री दोन वाजता सिझेरियन करता आलं पाहिजे. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बाळ बघणारा बालरोगतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृहातली सिस्टर लागते आणि रक्त लागतं. यांतलं एक जरी नसलं तरी बाकी सगळे नुसते बसून राहतात. स्त्रीरोगतज्ज्ञ नेमला, भूलतज्ज्ञ नाही. भूलतज्ज्ञ मिळाला, तोवर स्त्रीरोगतज्ज्ञाची बदली. 'पदे भरली' असा अहवाल जातो आणि सिझेरियन मात्र होत नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट गरजेच्या सुमारे ऐंशी टक्के दाखवली होती. या परिस्थितीत आहेत ते तज्ज्ञ पाच ठिकाणी एकेक विखरून ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण जोडी बसवावी आणि ती दोन ठिकाणं कधीच बंद पडू देऊ नयेत. काही गावांना जवळचं रुग्णालय सोडून थोडं लांब जावं लागेल. त्यांना राग येईल, आमदारांकडे शिष्टमंडळं जातील. तरी हाच मार्ग बरा, कारण जवळच्या दारातून परत फिरण्यापेक्षा लांबच्या दारात उपचार मिळणं केव्हाही चांगलं.

रक्ताबद्दल वेगळं बोललं पाहिजे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. कसाऱ्याहून ठाणं रेल्वेच्या रुळांवरून मोजलं तरी पंच्याऐंशी किलोमीटरच्या वर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तालुक्यात रक्त का हवं ते कळतं. त्यासाठी तिथे रक्तपेढी उघडावी लागत नाही. रक्तसाठवण केंद्र पुरतं. दोन ते सहा अंशांत चालणारा फ्रिज, त्याला अखंड वीज, गट जुळवून बघणारा तंत्रज्ञ आणि ठरलेली एक रक्तपेढी, जी जुन्या पिशव्या वेळेत परत नेऊन ताज्या देईल. संपूर्ण रक्ताची पिशवी पस्तीस दिवस टिकते. तालुक्यात ती वापरली गेली नाही तर तीन आठवड्यांनी शहरात आणून वापरता येते, वाया जात नाही. फ्रिज आणि पिशव्या यांची ही फेरी चालवायला कुणी हुशार लागत नाही, नेमाने करणारा लागतो.

डॉक्टर खेड्यात जायला तयार नसतात, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला आक्षेप. तो खोटा नाही. पण तमिळनाडूने याच देशात, याच डॉक्टरांकडून वेगळं करून घेतलं. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या राज्याच्या वाट्यातल्या निम्म्या जागा ठेवल्या. खेड्यात काढलेली वर्षं पुढच्या शिक्षणाची वाट झाली. औषधखरेदीसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ उभारलं, त्यामुळे डॉक्टरने चिठ्ठी लिहिली आणि औषध बाहेरून आणायला सांगितलं, ही नामुष्की कमी झाली. भूलतज्ज्ञांच्या तुटीवर तर केंद्राकडेच उपाय आहे. एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणापुरती भूल देता येईल असं तयार करता येतं. असे प्रशिक्षित डॉक्टर जिथे शस्त्रक्रियाच होत नाहीत तिथे बदलून जातात, तेव्हा ते प्रशिक्षण फुकट जातं. बदल्यांचा तक्ता करणाऱ्याने एवढं बघितलं तरी पुष्कळ होईल.

एकट्या डॉक्टरची बाजूही समजून घेतली पाहिजे. रात्री ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर आणि दारात वीस-पंचवीस नातेवाईक. रुग्ण हाताबाहेर गेला तर मारहाण ठरलेली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा येत नाही. अशा वेळी 'पुढे न्या' म्हणणं ही त्या डॉक्टरची स्वसंरक्षणाची एकच वाट असते. म्हणून पाठवणाऱ्यावर नुसता बडगा उगारायला माझा विरोध आहे. तसं केलं तर भीतीने रुग्ण अडवून ठेवले जातील, आणि ते जास्त वाईट. पाठवण्याचा हक्क असावाच. फक्त पाठवताना त्याच्या पाठीशी फोनवर एक वरिष्ठ डॉक्टर असावा, जो सांगेल की हे इंजेक्शन आता द्या, हा पट्टा बांधा, रुग्णाला अमुक ठिकाणी पाठवा, मी तिथे सांगून ठेवलंय. नातेवाइकांनाही त्या डॉक्टरने सांगावं, बघा, तिकडे खाट ठेवलीय, तिकडचे डॉक्टर वाट बघतायत. एवढ्याने दारातला निम्मा राग निवतो.

यालाच मी संदर्भसेवा कक्ष म्हणते. जिल्ह्यासाठी एक, चोवीस तास चालणारा. त्याच्याकडे सिव्हिल, उल्हासनगर, कळवा, वाशी, भिवंडी, सगळ्यांच्या रिकाम्या खाटांची दर तासाची माहिती. गाडी निघण्याआधी खाट ठरलेली, घेणाऱ्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर. आणि नियम एकच. घेणाऱ्याची सही होईपर्यंत रुग्ण कक्षाचा. वाटेत जे होईल त्याचं उत्तर कक्षाने द्यायचं.

हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, आपण हे केलंय. महापालिकांनी वॉर रूम उघडल्या होत्या. कोणत्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या किती खाटा, व्हेंटिलेटर किती, हे पडद्यावर दिसत होतं. रुग्णाने कुठे जायचं ते फोनवर सांगितलं जात होतं. ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये हजारावर खाटांचं रुग्णालय उभं राहिलं, वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात उभं राहिलं. खासगी रुग्णालयांच्या खाटाही त्या यादीत आणल्या गेल्या. त्या यंत्रणेत उणिवा होत्या, फोन न लागल्याचे हाल कित्येकांनी भोगले. तरी मालकांच्या भिंती ओलांडून खाट शोधता येते, हे तेव्हा सिद्ध झालं. साथ ओसरली आणि आपण ते गुंडाळून ठेवलं. शहरातल्या मध्यमवर्गाला खाट मिळेना तेव्हा जे दोन महिन्यांत उभं राहिलं, ते मुरबाडच्या बाळंतिणीसाठी कायमचं उभं राहू शकत नाही, हे मान्य करायला मी तयार नाही.

ठाण्याच्या सिव्हिलची जुनी इमारत पाडून तिथे ९०० खाटांचं रुग्णालय बांधायचं काम हाती घेतलं गेलं आणि २०२३ मध्ये सिव्हिल मनोरुग्णालयाच्या आवारात हलवावं लागलं. नवी इमारत मला हवी आहे. हृदयाच्या, मेंदूच्या, कर्करोगाच्या उपचारांसाठी गोरगरिबांना मुंबईला खेटे घालावे लागू नयेत. पण त्या इमारतीचा दरवाजा ठाण्यात उघडतो. डोळखांबकडून तिथे पोहोचायची वाट तशीच राहिली, तर ९०० खाटाही शहराच्याच गर्दीने भरतील. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा आता शहापूर ठाण्याच्या हाकेवर आलं, असं म्हणणारे भेटले. महामार्गावरचा वेळ वाचतो हे खरं. पाड्यापासून महामार्गापर्यंतचा आणि रुग्णालयाच्या दारापासून खाटेपर्यंतचा वेळ तेवढाच राहतो, आणि जीव जातात ते तिथे.

विम्याचं थोडक्यात सांगते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण सगळ्या कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या. परंतु विमा आधीच असलेल्या खाटेचं बिल भरतो. जिथे खाटच नाही तिथे तो ती तयार करत नाही.

मग पैशाचा प्रश्न येतो आणि त्याबरोबर शहरातला एक नाराज सूर. कळव्याचं रुग्णालय ठाणेकरांच्या करावर चालतं, वाशीचं नवी मुंबईकरांच्या. बाहेरच्यांनी खाटा भरल्या तर आम्ही कुठे जायचं? हा प्रश्न विचारणारे लोक वाईट नाहीत. महापालिकेच्या तिजोरीवर जिल्ह्याचा भार पडतो, ही त्यांची तक्रार रास्त आहे, आणि म्हणून राज्याने बाहेरून आलेल्या प्रत्येक रुग्णामागे महापालिकेला ठरलेली रक्कम वेळेत दिली पाहिजे. पैसा रुग्णाच्या मागे चालत आला की त्याला दारातून परतवायचं एक कारण कमी होतं. पण 'बाहेरचे' हा शब्द मला सोसत नाही. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसातून येतो, ठाण्यालाही त्याचं पाणी मिळतं. बारवी धरणासाठी मुरबाडकडची गावं उठली, आणि ते पाणी एमआयडीसीमार्फत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ज्यांच्या जमिनीवरचं पाणी आपण रोज पितो, ती माणसं आपल्या रुग्णालयात बाहेरची कशी ठरतात?

तीच माणसं आपल्याच शहरांच्या कडेला राबायलाही येतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पाडे सोडून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस जवळ आला की परततात. गरोदर बाईचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत आणि ती मात्र भट्टीवर. इथल्या आशाताईच्या वहीत ती नाही, कारण ती इथली रहिवासी नाही. लसीची तारीख गावात उलटते, बाळंतपण भट्टीवरच्या झोपडीत होतं. सरकारने कातकऱ्यांना विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून वेगळं नोंदवलेलं आहे. त्यांच्यासाठी योजना आखताना त्यांचं घर वर्षातले काही महिने हलतं, ही साधी गोष्ट धरायला हवी. भट्टीमालकाकडून यादी घेऊन गावच्या आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राने एकमेकांना नावं कळवणं, एवढंच तर करायचं आहे. दर हंगामात त्याच भट्ट्या आणि बहुतेक तीच कुटुंबं.

परतीच्या वाटेचंही असंच. शहरातल्या रुग्णालयातून बाळंतीण घरी सोडली की गावच्या आशाताईला कुणी कळवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलं की घरी जाऊन नवजात बाळ बघितलं तर बालमृत्यू कमी होतात. त्यातूनच पुढे देशभर आशांनी घरी भेटी द्यायचा कार्यक्रम आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी. तिसऱ्या दिवसाची भेट द्यायला आशाताईला बाळ घरी आलं हे तरी कळायला हवं. ती पाड्यावर फिरते, म्हणून तिला कळतं, पण ते बाळ पेटीत का ठेवलं होतं, वजन किती होतं, कोणतं औषध चालू आहे, हे कुठे कळतं? घरी सोडताना दिलेला इंग्रजी कागद घरच्यांना वाचता येत नाही. डॉक्टरने सोडतानाच मराठीत चार ओळी लिहून त्या गावच्या आरोग्य केंद्राला पाठवाव्यात. संदर्भसेवा कक्षाकडे हे काम सहज देता येईल, कारण रुग्ण कुठून आला हे त्याला ठाऊक असेलच.

आणि या सगळ्याचा हिशेब लोकांसमोर यावा. मातामृत्यू झाला की त्याची चौकशी होते, समिती बसते, अहवाल तयार होतो. त्यात नाव-गाव गाळून एवढं तरी प्रसिद्ध करावं की ही बाई किती वाजता कोणत्या दारात पोहोचली, तिथून किती वाजता निघाली आणि उशीर कुठे झाला. महिन्याला एक पान. कोणत्या रुग्णालयाने किती रुग्ण पुढे पाठवले, किती जणांची खाट आधी ठरली होती, किती जण दारातून परतले. हे पान जिल्हा परिषदेच्या आणि सहाही महापालिकांच्या सभागृहात वाचलं जावं.

कक्षासाठी लागतील त्या जागा, पाळ्यांमध्ये बसणारे दहा-बारा डॉक्टर, तेवढेच फोनवरचे कर्मचारी, शहापूर आणि मुरबाडच्या रक्तसाठवणीसाठी फ्रिज आणि तंत्रज्ञ, यांचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे फार थोडा आहे. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री, आमदार, जिल्हा परिषद आणि महापालिका सगळेच बसतात. या चार मालकांना एका टेबलावर आणणारी जिल्ह्यात तीच एक जागा आहे, त्यामुळे ही तरतूद तिथूनच व्हायला हवी. शहापूर-मुरबाडच्या सदस्यांनी तिथे हा विषय मांडावा. ठाणे आणि नवी मुंबईच्या सदस्यांनी त्यांना पाठिंबा द्यावा, आणि तो द्यावा म्हणून आपण शहरातल्या मतदारांनी त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावं की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे आहे का.